प्रकरण निकाली न काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधीक्षक,
मिळकत नोंद उपकक्ष क्र. ४,
तिसरा मजला, ठाणे.

अर्जदार : गोविंदा दामाजी मढवी, वय ६९, मिठागरातील निवृत्त मुकादम, रा. बाळकुम गाव.

विषय : मयत पत्नीच्या घराची वारस नोंद तूर्त न करण्याबाबत.

संदर्भ : माझा दि. ३ मे १९८९ चा अर्ज व त्यानंतरच्या माझ्या सर्व फेऱ्या.

महोदय,

१. माझी पत्नी तुळसा सन १९८८ च्या श्रावणात वारली. राहते घर तिच्या नावे आहे. त्यानंतर आठ महिने मी भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून होतो. सदऱ्याची बटणे लागेनात, मुलाला माझ्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागलो, आणि कोणी जेवायला उठ म्हटले की रडू येई. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप तेवढी आली. शेवटी सूनबाई नीला हिने, घरात दुसरे कोणी रिकामे नाही म्हणून, वारस नोंदीचा अर्ज माझ्या हाती देऊन मला आपल्या कार्यालयाकडे पिटाळले.

२. पहिल्या दिवशी मी माजिवड्यालाच वाट चुकलो, जिथे माझी सख्खी बहीण दिलेली आहे. दुसऱ्या खेपेस पोहोचलो, तेव्हा कारकून श्री. सहदेव तरे यांनी पुढच्या गुरुवारी येण्यास सांगितले. याबद्दल माझी तक्रार नाही. गेली तीन वर्षे मी दर गुरुवारी बाळकुमहून पायी येतो व पायी परत जातो. आपल्या जिन्याला अडुसष्ट पायऱ्या आहेत. पहिल्या वर्षी चार ठिकाणी टेकत होतो, आता एकदाही टेकत नाही. कोणता नमुना कोणत्या खिडकीत मिळतो, कोणत्या साहेबांची बदली कधी झाली, हे मला तोंडपाठ असून नवे कारकून मलाच विचारतात. मध्यंतरी डॉक्टरांनी रक्तदाब पाहून कोणते औषध चालू आहे असे विचारले. मी सांगितले, तिसरा मजला. त्यावर ते म्हणाले की म्हातारपणी पाय चालले तर डोके चालते, आणि डोके चालले तर मन ताळ्यावर राहते.

३. आपण रुजू झाल्यापासून जुनी प्रकरणे झपाट्याने निकाली निघत आहेत. सूचना फलकावरील यादीत माझा क्रमांक सतरावा असून तारीख ३० नोव्हेंबर आहे. ती यादी वाचल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. ओटीवर येरझाऱ्या घालतो, जेवताना मध्येच उठतो. सूनबाई म्हणते, बाबा, जरा बसा. बसलो की पुन्हा ती खाट आठवते. मुलगा म्हणतो, बागेत फिरायला जा. साहेब, बागेत नुसते गोल गोल फिरून काय करायचे? तिथे आपली कोणी वाट पाहत नाही, आणि आपल्याला कोणी परतही पाठवीत नाही.

४. ही भीती उगाच नाही. कोलशेतच्या श्रीमती कमळाबाई भोईर, वय ७३, दोन वर्षे आपल्या कार्यालयातील बाकावर माझ्या शेजारी बसत असत. बाई भांडायला खमक्या. त्यांचा आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे लोक वर येऊन पाहत. मार्चमध्ये त्यांचे काम झाले, त्यांनी सर्वांना पेढे वाटले. दिवाळीत मी त्यांना भेटायला गेलो, तर त्या ओट्यावर बसून होत्या, केसांना फणीसुद्धा लागलेली नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोन रं तू? कोनाकरं आयलास?" परत येताना मी रस्त्यात रडलो, हे लिहिण्याची मला लाज वाटत नाही.

५. येथवर विनंती झाली. आता जे लिहितो त्यासाठी चार कागद फाडले आहेत. माझ्या फायलीतील वारसांचे प्रतिज्ञापत्र गहाळ केल्याबद्दल श्री. तरे यांना कारणे दाखवा नोटीस निघाल्याचे मला काल समजले. त्यांनी ते हरवलेले नाही. शिपाई जागेवर नसला की अर्जदारानेच आपली फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायची, अशी आपल्याकडे वहिवाट आहे. जानेवारी १९९१ मध्ये फक्त एक सही राहिली होती. त्या सहीसाठी फाईल पहिल्या मजल्यावर नेताना मी जिन्यात थांबलो, प्रतिज्ञापत्र काढले आणि पिशवीत घातले. तेव्हापासून ते माझ्या गादीखाली आहे. नोंद झाली की तुळसाच्या नावाला मयताचा कंस पडेल म्हणून मी असे केले, असे सांगता आले असते. पण ते खोटे होईल. मी हे माझ्या स्वतःसाठी केले. श्री. तरे यांनी मला कधी पाणी विचारल्याशिवाय परत पाठवलेले नाही. त्यांच्या नोकरीच्या जिवावर माझी तब्येत सांभाळणे मला जमणार नाही.

६. सबब प्रतिज्ञापत्र सोबत जोडले असून नोंद करून टाकावी. विषयाच्या ओळीत केलेली विनंती मी मागे घेतो. ती ओळ खोडावी, पुन्हा सगळे लिहिण्याचे त्राण नाही. श्री. तरे यांची नोटीस रद्द करावी. जी काही कारवाई असेल ती माझ्यावर करावी. चौकशीस जितक्या वेळा बोलवाल तितक्या वेळा हजर राहीन.

माझे काम झाले, आता दुसऱ्याचे मागतो. कमळाबाईंचे प्रकरण पुन्हा काढावे. अंगठ्याचा ठसा पुसट आला आहे, समक्ष येऊन पुन्हा द्यावा, सोबत ओळखीचा माणूस आणावा, असे एक शिक्क्याचे पत्र त्यांना पाठवावे. तो माणूस मी होईन आणि त्यांना हळूहळू चालवत आणीन. पहिल्या खेपेस मात्र कृपा करून काम करू नये. घरच्यांनी उठा म्हटले तर त्या उठत नाहीत. सरकारी कागद आला, तर भांडायला तरी उठतील.

आपला चुकलेला, पण अजून हिंडताफिरता अर्जदार,

गोविंदा दामाजी मढवी
बाळकुम, दि. १२ नोव्हेंबर १९९२

सोबत :
१) वारसांचे मूळ प्रतिज्ञापत्र (घडीवर थोडे फाटलेले).
२) श्रीमती कमळाबाई भोईर यांचा पूर्ण पत्ता.