बुधवारचा वर्ग आणि पुलावरची दुपार

लेउवार्डन,
११ सप्टेंबर २०११

ती. हिस्केताईस,
सीब्रेनचा सा. न. वि. वि.

तुझ्या बेटावरची पाहुण्यांची गर्दी आता ओसरली असेल आणि भाड्याच्या सायकली पुसून गोदामात टांगायचं काम चालू असेल. फोनच करणार होतो, पण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो. आज मला भांडायचं नाही, विचारायचं आहे.

परवा मुलींच्या बाईंनी मला आणि वीप्केला शाळेत बोलावलं होतं. मिन्के वर्गाच्या फार पुढे आहे म्हणाल्या. गणितं झटक्यात संपवते आणि खिडकीबाहेर बघत बसते. हल्ली तर कंटाळून मुद्दाम चुकीची उत्तरं लिहिते. शहरातल्या काही शाळांमधून अशी तल्लख मुलं निवडून बुधवारी दुपारी, शाळा लवकर सुटल्यावर, वाचनालयाच्या माडीवर त्यांचा वेगळा वर्ग भरवतात. तिथे बुद्धिबळ, गुप्त लिपी, ग्रहतारे, असं बरंच काही असतं. परीक्षा दोघींची घेतली होती. मिन्केला बोलावलं आहे, फारडाऊला नाही. एका खोलीत झोपणाऱ्या सात वर्षांच्या जुळ्या मुली, आणि बोलावणं एकीला! शरदाच्या सुट्टीआधी हो की नाही ते कळवायचं आहे.

वीप्के म्हणते, पाठवायचं, त्यात विचार कसला करायचा. शेजाऱ्यांना मात्र, फुशारकी वाटू नये म्हणून, पोहायला जाते असं सांगायचं म्हणे. हसू नकोस. आपल्या आईने काय केलं होतं ते आठव. मुलगा हुशार म्हणून कुठे जातो हे सांगायची तिला चोरी, म्हणून हूकमा गुरुजींच्या बुधवारच्या वर्गाला मी बोबडेपणावर इलाज करायला जातो असं तिने गल्लीभर केलं. बेकरीतली बाई त्यानंतर कित्येक वर्षं माझ्याशी एकेक अक्षर तोडून बोलायची!

माझं मन मात्र घेत नाही. सारखी तूच डोळ्यांसमोर येतेस. मी सात वर्षांचा, तू आठ. परीक्षा आपल्या दोघांचीही झाली होती आणि गुरुजींनी मला एकट्याला ठेवून घेतलं. मी बाबांच्या सायकलवरून उतरून आत जायचो आणि तू मागे कॅरिअरवर बसलेली असायचीस, तोंड दुसरीकडे वळवून. तुला काय वाटायचं गं तेव्हा? मला बरं वाटावं म्हणून गुळमुळीत काही लिहू नकोस. फारडाऊच्या वाट्याला तेच येणार असेल तर मिन्के घरी राहील. बुधवार तसाही माझा सुट्टीचा दिवस असतो आणि तो मी दोघींना दिलेला आहे.

उत्तर लवकर दे. रागावलीस तरी चालेल, पण लोभ सोडू नकोस.

तुझा,
सीब्रेन


व्लीलँड,
१८ सप्टेंबर २०११

चि. सीब्रेनला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र कालच्या बोटीने आलं. वाचून आधी हसले, मग चहा केला, मग परत वाचलं. अरे सीब्या, तीस वर्षं तू माझी कीव करत बसला होतास होय? निदान वाढदिवसाला त्या हिशेबाने चांगली भेट तरी पाठवायचीस!

खरं हवं ना तुला, मग ऐक. पहिल्या बुधवारी मी रडले. दुसऱ्या बुधवारी फुगून बसले. तिसऱ्या बुधवारी तुला सोडल्यावर बाबा मला त्यांच्या कामाच्या पुलावर घेऊन गेले आणि हातात लाकडी जोडा दिला.

बोटवाल्यांकडून पुलाचे पैसे गोळा करायचा तो जोडा रे, गळाच्या काठीला दोरीने बांधलेला. बोटीला वाट द्यायला बाबा कालव्यावरचा पूल फिरवायचे, बोट हळूहळू पुढे सरकायची आणि मी वरून काठी धरून जोडा बरोबर बोटवाल्याच्या हातापाशी झुलवत न्यायचे. त्याने पैसे टाकले की झटकन वर ओढायचा. नेम चुकला तर जोडा बोटवाल्याच्या टोपीवर आपटायचा. एकाने पैशांबरोबर ज्येष्ठमधाच्या मूठभर काळ्या खारट गोळ्या टाकल्या होत्या, एकाने चक्क एक हेरिंग मासळी. ती आम्ही दोघांनी तिथेच खाल्ली, शेपटीला धरून, मान वर करून. आईला सांगितलं नाही.

बोटी नसल्या की बाबा नुसते बोलत राहायचे. घरी एवढा गप्प माणूस, पण पुलावर त्यांचं तोंड थांबायचं नाही. लहानपणीचा बर्फ, काकांचं बुडालेलं होडकं, आईला पहिल्यांदा कुठे पाहिलं, सगळं सगळं. पाण्याला डांबराचा वास यायचा. आजही इथल्या धक्क्यावर कुणी होडीला डांबर फासत असलं की मी काम टाकून उभी राहते.

मी तोंड वळवायची ते एवढ्याचसाठी, की तू लवकर आत जावंस. तुझा तो वर्ग कधी बंद पडू नये अशी मी रात्री प्रार्थना करायचे. आता सांग, कीव कुणाची करायची?

मिन्केला खुशाल पाठव. फारडाऊला तू आहेस.

वीप्केला सांग, पोहायला जाते म्हणून सांगणार असाल तर निदान पोरीचे केस ओले करून घरी आणा. मुलींचे पापे घे. आठवण ठेवतोसच, तशीच ठेव.

तुझी,
हिस्केताई


लेउवार्डन,
२५ सप्टेंबर २०११

ती. हिस्केताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वीप्केला वाचून दाखवत होतो. हेरिंगपाशी आल्यावर पत्र तिच्या हातात दिलं. पुढचं तिने वाचलं.

हे मला काहीच माहीत नव्हतं गं. हूकमा गुरुजींची ती पुढची खोली मला प्राणाहून आवडायची, हे खोटं नाही. तिथे आम्ही बर्फ वितळवून मोजायचो, भिंगाखाली माशीचा पाय बघायचो, कागदाचे घुमट बांधून त्यांवर पुस्तकं रचायचो. आज मी बंधारे बांधतो ते त्या घुमटांच्या जोरावरच. गुरुजी मला कधी गप्प बस म्हणाले नाहीत. शाळेत दिवसभर तेच ऐकायची सवय, त्यामुळे बुधवारी दुपारी मला श्वास घेतल्यासारखं वाटायचं.

पण वर्ग सुटून बाहेर आलो की तुम्ही दोघं कशाला तरी हसत असायचात आणि मला बघून थांबायचात. बाबा विचारायचे, मजा आली का. मी हो म्हणायचो. संपलं. घरापर्यंत पुढे एक शब्द नाही. डॉक्टरांशी बोलावं तसं ते माझ्याशी बोलायचे, जपून, टोपी हातात धरल्यासारखे. मला वाटायचं, बाबा असेच आहेत, अबोल. आणि आता तू लिहितेस की पुलावर त्यांचं तोंड थांबायचं नाही! मी दहा वर्षांचा असताना ते गेले. तुझ्याकडे ते बुधवार आहेत. माझ्याकडे ‘मजा आली का’ एवढंच आहे.

मी चुकीच्या मुलीची काळजी करत होतो, ताई. फारडाऊचं काही अडणार नाही. मिन्के मात्र तिकडे जाऊन आमच्यात पाहुणी होईल. काल तिने मला विचारलं, त्या वर्गाला गेले तर बुधवारी तू आणि फारडाऊ माझ्याशिवाय काय काय करणार? काहीच नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. मग म्हणाली, मला जायचं आहे पण नको. मला पुढे ऐकवेना.

वीप्के चिडली आहे. म्हणते, तुझ्या वडिलांचा हिशेब माझ्या लेकीच्या डोक्यावर नको. तिचं बरोबरही असेल. पण उद्या मी नाही म्हणून कळवणार आहे. एकट्याने हुशार होण्यापेक्षा खिडकीबाहेर बघितलेलं बरं.

तुझ्यावर राग नाही. हेवा आहे, तो जाईल. तोवर सांभाळून घे.

तुझा,
सीब्रेन


व्लीलँड,
२८ सप्टेंबर २०११

चि. सीब्रेनला,
आशीर्वाद.

ख्यालीखुशाली पुढच्या वेळी. तू कळवलं असशील तर पुन्हा जाऊन सांग की थांबा. नसेल तर हे आधी वाच.

मी गंमत म्हणून जोड्याची गोष्ट लिहिली आणि जे लिहायला हवं होतं तेच राहिलं. ते काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नाही, कारण दर बुधवारी तेच असायचं.

बोट पुलापाशी आली की बाबा बोटवाल्याला एक गोष्ट विचारायचे. माझा मुलगा फार शिकतो आहे, म्हणायचे, त्याला विचारण्यासारखं तुझ्याकडे काही आहे का? गल्लीत तू बोबडा होतास ना, पण कालव्यावरच्या प्रत्येक बोटवाल्याला माहीत होतं की पूलवाल्याचा पोरगा हुशार आहे. बिचारे डोकं खाजवून काहीतरी सांगायचे. पाणी गोठताना बर्फ वरच का धरतो, तळाशी का नाही? बदकाचे पाय गारठत कसे नाहीत? रात्री चंद्र आपल्या बोटीबरोबर का चालतो? बाबा ते पाठ करायचे. तुला आणायला निघालो की सायकलवर मोठ्याने घोकायचे आणि मी मागून चुका काढायची. आम्ही हसायचो ते त्यालाच रे.

आणि दार उघडून तू बाहेर आलास की त्यांचं अवसान गळायचं. मग निघायचं ते ‘मजा आली का’. मी पाठीत कोपर मारायची, विचारा की म्हणून. एकदा घरी आल्यावर मी भांडलेसुद्धा. तेव्हा म्हणाले, राहू दे गं, प्रश्न अगदीच साधा असला तर त्याला हसू येईल.

एवढंच होतं, सीब्रेन. तुझ्यापुढे त्यांना लाज वाटायची आणि तुझ्याशी बोलायचं तर फार होतं. तू परका म्हणून नव्हे, तू त्यांचा फार लाडका म्हणून ते घाबरायचे. आईला विचारता आलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं.

पोरीला जाऊ दे. जायचं आहे असं ती म्हणाली आहे ना, मग तेवढंच ऐक. मी नेहमीसारखीच आहे, तूही तसाच राहा.

तुझी,
ताई


लेउवार्डन,
९ नोव्हेंबर २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या त्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा उठलो. आज बुधवार, आणि आज लिहिता येतं आहे.

मिन्के आज पहिल्यांदा वर्गाला गेली. वाचनालयाचा जिना दोन-दोन पायऱ्या ओलांडून चढली, मागे वळूनही पाहिलं नाही. मी फारडाऊसाठी दुपारचा मोठा बेत आखला होता, बापलेकींचा खास. तिने ऐकून घेतला आणि म्हणाली, मला माझ्या मैत्रिणीकडे, सुत्स्केकडे सोड, तिच्या सशिणीला पिल्लं झाली आहेत. सोडली. मग मी दोन तास वाचनालयाबाहेर बाकावर एकटाच बसलो आणि काय विचारावं याचा विचार करत राहिलो. बंधारे, पाणी, बर्फ, सगळं मला येतं. मला खरोखर माहीत नाही असं काहीतरी हवं होतं. तिथल्या कठड्यावर कोळ्याचं जाळं होतं.

मिन्के खाली आली. माझ्याही तोंडात ‘मजा आली का’ आलंच होतं गं, अगदी जिभेवर. ते गिळलं आणि विचारलं, कोळी स्वतःच्या जाळ्याला का चिकटत नाही?

ती हसली. किती हसली म्हणून सांगू! बाबा, तुला एवढं पण माहीत नाही, म्हणून फुटपाथवर वाकून वाकून हसली. लोक बघायला लागले. मग मागे कॅरिअरवर चढली, माझ्या कोटाला धरलं आणि घर येईपर्यंत मला समजावत राहिली. आम्ही लांबच्या रस्त्याने आलो.

तुझा लोभ आहे हे ठाऊक असूनही मागतो.

तुझा,
सीब्रेन