स्वस्त काडतुसं

शुक्रवार, इब्रा (ओमान)

अर्बाबने, म्हणजे माझ्या मालकाने, शेवटी जुनी लष्करी काडतुसं बंद केली. दर शुक्रवारच्या नेमबाजीच्या सरावाला ती निम्म्या किमतीत मिळायची, पण झाडली की रायफलच्या नळीत खारट थर राहतो. त्याच दिवशी उकळतं पाणी ओतून, पुसून तेल दिलं नाही तर गंज धरतो. मी त्याचा ड्रायव्हर, पण हे कामही माझ्याकडेच. रायफल त्याच्या वडिलांची, त्यामुळे धाकधूक वेगळीच.

मी पुढच्या महिन्यात रजेवर दापोलीला चाललोय, म्हणून आज विचारलं, मागे साफ कोण करणार?

"मैं करेगा. क्या है उसमें?"

आज त्यानेच केलं. उकळत्या पाण्याने बोटं भाजली, फडकी काळीच निघत राहिली. मग म्हणाला, "खलास, युसुफ! नया माल लाओ. महंगा है तो है."

बरंच झालं, नव्या काडतुसांना ही धुलाई लागत नाही. पण पाणी उकळेपर्यंत तो वडिलांबद्दल बोलायचा, मी घराबद्दल. ते आता कधी? नुसतं जाऊन बसणं बरं दिसेल का मालकाकडे?

निघताना त्यानेच विचारलं, "अगले जुम्मा आएगा ना?"

"अब साफ करने को क्या है, अर्बाब?"

"कुछ नहीं. कहवा पिएंगे."