डाव्या बाजूचे एअरबॅगचे झाकण शुक्रवारपूर्वी उघडण्याबाबत

दिनांक : ९ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग,
सुरत.

विषय : जुन्या गाडीच्या तक्रारीत गाडी विकण्यास मनाई करणे व तिच्या डाव्या बाजूचा डॅशबोर्ड आयोगासमोर उघडणे याबाबत तातडीचा अर्ज.

संदर्भ : १) माझी तक्रार, दिनांक ६ ऑक्टोबर २०२५.
२) सामनेवाला सुकदेव बोरसे यांचे लेखी उत्तर, दिनांक २४ नोव्हेंबर २०२५.

अर्जदार : वाल्मिक लोटू भदाणे, वय ५१, धंदा लूम कारागीर, राहणार पर्वत पाटिया, सुरत.

महोदय,

१. मला वकील नाही. मी सातवी शिकलो असून मराठीतच लिहू शकतो. माझी मुलगी गायत्री गुजराती शाळेत शिकली आहे. तिने केलेला गुजराती अनुवाद सोबत जोडला आहे. पुढील तारीख २२ जानेवारीची आहे. तोपर्यंत गाडी राहणार नाही, म्हणून आज अर्ज करीत आहे.

२. सामनेवाला सुकदेव कडोदरा रस्त्यावरील प्लॉटवर जुन्या गाड्या विकतो. १२ जून रोजी मी त्याच्याकडून पांढरी गाडी घेतली. ती २०१५ ची आहे. श्रावणात कानबाईच्या सणाला खानदेशात गावी जाताना दरवर्षी आम्ही बसमध्ये उभे राहून जायचो. माझी पत्नी जयश्री हिचे गुडघे दुखत, म्हणून गाडी घेतली. मी सोबत मिस्त्री नेला नाही, कारण सुकदेव आमच्याच खानदेशातला, पारोळ्याकडचा निघाला. तो माझ्याशी अहिराणीत बोलला. "भाऊ, तू आपला मानूस शे. तुले कशाले खोटं सांगू? बिनधास्त लई जाय." एवढ्यावर मी विश्वास ठेवला. परका गुजराती किंवा मारवाडी असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. स्टॅम्प पेपर गुजरातीत होता. मुलीला दाखवून सही करतो म्हणालो, तर तो हसला व म्हणाला, "घरना मानूसवर बी शक?" मला लाज वाटली. मी सही केली. त्यात "गाडी जशी आहे तशी घेतली, पुढे तक्रार नाही" असे लिहिले होते, हे मला पत्नी गेल्यावर कळले. गाडी माझ्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ व ३० वर त्याने माझ्या सह्या घेतल्या आणि पंधरा दिवसांत नाव चढेल असे सांगितले. नाव चढलेच नाही.

३. दोन एअरबॅग आहेत असे त्याने स्टिअरिंगवर हात आपटून सांगितले. चावी फिरवली तर एकही लाल दिवा लागला नाही. मला बरे वाटले. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे, आणि लागलाच नाही तर तो कोणी तरी मारून ठेवलेला असतो, हे मला नंतर एका मिस्त्रीने सांगितले. मला हे आधीच सुचायला हवे होते. लूमवर धाग्याची तार तुटली की एक पट्टी पडते व मशीन आपोआप थांबते. मालकाला मशीन थांबू द्यायची नसेल तर ती पट्टी बांधून ठेवतात. असे मी स्वतः केलेले आहे.

४. २ ऑगस्ट रोजी सकाळी नऊच्या सुमारास, कानबाईला गावी जाताना व्यारा सोडल्यावर, विटांची ट्रॉली रस्त्यात वळली आणि मी तिला मागून धडकलो. वेग साठच्या आसपास होता. त्याचा गुन्हा माझ्यावर आहे व तो मी नाकारत नाही. मी ब्रेक उशिरा दाबला. दोघांनीही बेल्ट लावले होते. एकही एअरबॅग उघडली नाही. स्टिअरिंगने माझ्या तीन बरगड्या मोडल्या. जयश्रीचे तोंड डॅशबोर्डवर आपटले. नाकाचे हाड आत गेले. तिचे दोन दात माझ्या मांडीवर पडले होते, ते मी मुठीत धरून ठेवले, कारण बसवता येतील असे त्या वेळी वाटले. ती सुमारे वीस मिनिटे जिवंत होती. तोंडात रक्त असल्यामुळे तिला बोलता आले नाही. गायत्रीला कामावरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून ती वाचली.

५. गाडी पोलिसांकडे जमा होती. कागदावर मालक अजून जुनाच असल्यामुळे न्यायालयाने नियमाप्रमाणे ती त्यालाच सोडली. त्याचे मुखत्यारपत्र सुकदेवकडे होते. म्हणजे ज्या गाडीत माझी बायको मेली ती गाडी विकणाऱ्याच्याच हातात परत गेली, आणि मला कोणी विचारले नाही.

६. १५ नोव्हेंबर रोजी गायत्रीने मोबाइलवर एका गाडीची जाहिरात पाहिली. "एकच मालक, घरगुती वापर, अपघात नाही." नंबर पुसलेला होता, पुढचा भाग ठोकून नवा रंगवला होता. पण सीट कव्हर जयश्रीने शिवलेले होते, हिरव्या कापडाला पिवळा काठ. प्लॉटवाल्यांनी ते धुऊन पुन्हा चढवले होते. डाव्या सीटवरचा डाग फोटोतही दिसत होता. सुकदेवने शोभेची उशी तेथे ठेवली होती, ती डागावर पुरत नव्हती.

७. १६ नोव्हेंबर रोजी मी प्लॉटवर गेलो. पुढे जे झाले ते मी पोलिसांना सांगितले आहे व येथेही लिहून देतो. मी सुकदेवला विचारले, हे कव्हर तरी काढायचे होते. तो म्हणाला, "भाऊ, चांगलं कापड व्हतं." मी त्याच्या तोंडात मारली. तो खाली पडला. तेथे टायर काढण्याचा हातोडा होता तो मी उचलला. त्याने बॉनेटवर हात ठेवून मला अडवले. मी हातोडा त्याच्या हातावर मारला. दोन बोटे मोडली. तो फटका चुकून बसलेला नाही. नंतर काच फोडली, दिवे फोडले, आणि दारातून आत वाकून स्टिअरिंगवर मारत राहिलो. कितव्या फटक्याला झाकण उडाले ते आठवत नाही. आत एअरबॅग नव्हती. साडीच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या, काळी टेप लावलेली होती, आणि दोन वायरींची टोके तारेच्या एका लहान तुकड्याने जोडलेली होती.

मग मी डाव्या बाजूवर, जिथे जयश्रीचे तोंड आपटले तिथे, हातोडा उचलला. तेव्हा ध्यानात आले की तीही बाजू मी फोडली तर सांगायला माझ्याकडे काही उरणार नाही. मी हातोडा खाली टाकला आणि वॉचमनला म्हणालो, पोलिसांना फोन कर. तो म्हणाला, "चाचा, भाग जाओ." मी गेलो नाही.

८. सामनेवाल्याच्या उत्तरात तीन गोष्टी आहेत. एक, गाडी माझ्या नावावर नाही, म्हणून मी ग्राहकच नाही. दोन, "जशी आहे तशी" असे लिहून घेतल्यावर तक्रार चालत नाही. तीन, चिंध्या मीच कोंबल्या, कारण मी कापडाच्या धंद्यात आहे. माझे म्हणणे असे :

नाव चढवण्याच्या सह्या त्याने घेतल्या व कागद त्यानेच दाबून ठेवले. पैसे घेतल्याची पावती त्याची आहे. मी गाडी चालवून बायको मारली या गुन्ह्यापुरता मी गाडीवाला आहे, आणि तक्रारीपुरता कोणीच नाही, हे मला समजत नाही. जशी आहे तशी म्हणजे कशी आहे, ते त्याला माहीत होते व मला माहीत नव्हते. लपवलेली गोष्ट मी मान्य केली असे म्हणता येत नाही. चिंध्यांबद्दल एवढेच, की सुरतेत चिंधी सगळ्यांच्या घरी आहे. पोलीस पंचनाम्यात "स्टिअरिंग तुटलेले, आत कापड" एवढेच लिहिले आहे. कापड कोणी ठेवले ते त्यावरून ठरत नाही. पण डाव्या बाजूला मी हात लावलेला नाही. तिथेही चिंध्याच असतील तर त्या मी केव्हा भरल्या हे त्याने सांगावे.

९. समाजातील चार मोठी माणसे घरी आली होती. सुकदेव मारहाणीची फिर्याद मागे घेईल, मी ही तक्रार मागे घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "वाल्मिकभाऊ, बाई तर गयी. आते पोरना इचार कर." गायत्रीने मला आत बोलावून गुजरातीत सांगितले, "पप्पा, पतावी दो ने. तमे जेलमां जशो तो हुं कोनी साथे रहीश?" म्हणजे मिटवून टाका, तुम्ही तुरुंगात गेलात तर मी कोणाजवळ राहू. मी बाहेर येऊन नाही म्हणालो. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. तडजोडीचा कोणताही कागद माझ्या सहीचा म्हणून पुढे आला, तर तो खोटा समजावा.

१०. सुकदेवने गाडीला नवी काच व नवे स्टिअरिंग बसवले आहे. प्लॉटवरील एका माणसाने, ज्याचे नाव मी लिहीत नाही, कळवले की शुक्रवार, १२ डिसेंबर रोजी सकाळी गाडी ट्रकवर चढवून परराज्यातील गिऱ्हाइकाकडे जाणार आहे. त्या गिऱ्हाइकाला लहान मूल आहे व गाडी त्याच्या बायकोसाठी आहे, असे तो म्हणाला. डाव्या सीटवर पुन्हा कोणी तरी बसणार आहे. म्हणून विनंती की,

(अ) गाडी विकण्यास, हलवण्यास व उघडण्यास आजच मनाई करावी.
(आ) ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे सरकारमान्य तज्ज्ञाकडून, दोन्ही बाजूंच्या समोर, चित्रीकरण करून डावे झाकण उघडावे. खर्च मी भरेन.
(इ) त्या प्लॉटवर विक्रीस उभ्या सर्व गाड्यांचे स्टिअरिंग उघडून पाहावे. मी त्या बाहेरून मोजल्या, सव्वीस आहेत.
(ई) आत खरी एअरबॅग निघाली तर माझी तक्रार त्याच क्षणी काढून टाकावी. मी सुकदेवची माफी मागेन. झाकणाखाली काहीही निघाले तरी मारहाणीची शिक्षा मला मान्य आहे.

११. प्लॉटच्या पाचशे मीटरच्या आत जायचे नाही अशी माझ्या जामिनाची अट आहे. ती मी आजपर्यंत पाळली. गाड्या मोजल्या त्या हद्दीबाहेरच्या पुलावरून मोजल्या. गुरुवारी संध्याकाळपर्यंत आपला आदेश आला नाही, तर शुक्रवारी पहाटे मी ट्रकसमोर जाईन. सुकदेव मध्ये आला तर या वेळी बोटांवर भागणार नाही. ही धमकी समजून माझा जामीन रद्द केला तरी चालेल, पण मला पकडायला जे पोलीस येतील त्यांना आधी डावे झाकण उघडायला सांगावे.

अर्जातील प्रत्येक शब्द माझा असून त्याची जबाबदारी माझी आहे. दया नको, तपासणी हवी.

आपला नम्र तक्रारदार,
वाल्मिक लोटू भदाणे

सोबत जोडलेले कागद :
१. पावतीची व स्टॅम्प पेपरची प्रत.
२. जयश्री वाल्मिक भदाणे हिचा शवविच्छेदन अहवाल.
३. जाहिरातीचा फोटो, रंगीत.
४. पंचनाम्याची व माझ्यावरील दोन्ही गुन्ह्यांच्या फिर्यादींची प्रत.
५. गुजराती अनुवाद. यात परिच्छेद ११ नाही. मुलीने तो लिहिण्यास नकार दिला आहे. तो मराठीतच वाचून घ्यावा.