एकमताचा ठराव

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू एकच प्रश्न विचारलास आणि तोच जड आहे.

आधी बातमी सांगतो. आपल्या भूवैज्ञानिकांच्या मंडळाने अखेर जाहीर केलं की हवामान बदलतंय ते माणसाने जाळलेल्या कोळसा-तेलामुळे. बाकीच्या संस्था हे कधीच बोलून मोकळ्या झाल्या. आम्ही वरातीमागून घोडं. जाहीर भूमिका एकमतानेच घ्यायची हा मंडळाचा नियम, आणि सर, म्हणजे तुझे बाबा, दरवर्षी एकटेच नकार द्यायचे. पृथ्वी याआधीही तापली आणि निवली, म्हणायचे. दगडाला घाई नसते. तुझ्या गल्लीत पहिल्यांदा समुद्र शिरला त्याही वर्षी तेच म्हणाले, आणि तू माहेरी येणं सोडलंस.

परवाच्या सभेत सरांना श्रद्धांजली म्हणून सगळे उभे राहिलो. शांतता संपली आणि कोणी खाली बसायच्या आतच मत घेतलं. त्यांची खुर्ची रिकामी होती, म्हणून एकमत झालं. बाहेर पडताना रखवालदार म्हणाला, झाला ना ठराव, मग उद्यापासून ऊन जरा कमी करा साहेब. आम्ही हसलो. पेपरात बातमी आली ती पंख्यांच्या जाहिरातीखाली, बोटभर. मी अजून रोज सकाळी देवापुढे हात जोडतो, पण हल्ली मागणं सुचत नाही. नुसता उभा राहतो.

शेवटी तरी बाबा हो म्हणाले का, असं तू विचारलंस. मंडळाचे चिटणीस म्हणतात, लिहून टाक हो म्हणून, पोरीच्या जिवाला तेवढंच बरं. पण सरांच्या घरी राहून शिकलेल्या माणसाने तुला खोटं कसं लिहावं? हॉस्पिटलात मी त्यांना ठरावाचा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हो म्हणाले नाहीत, ताई.

मात्र मी गेलो की रोज विचारायचे, तिच्याकडे पाणी कुठवर आलंय रे? तू फोनवर सांगितलेलं मी गिळून टाकायचो. शेवटच्या दिवशी नाही गिळता आलं. उंबऱ्याच्या आत आलंय सर, म्हटलं. ते म्हणाले, तिला म्हणावं, सामान वर ठेव. हा निरोप माझ्याकडे राहून गेला होता. वर म्हणजे किती वर, ते त्यांनी सांगितलं नाही. मलाही माहीत नाही.

तुझाच,
पाठचा मानलेला भाऊ