पदराआडच्या काचा

मी, चुडामण हिलाल पाटील, वय त्रेसष्ट, धंदा फोटो काढण्याचा, मूळ रनाळ्याचा व हल्ली राहणार नंदुरबार, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, नजर अजून काम देते आणि लिहिताना शेजारी कोणी बसलेले नाही. कोणी सांगितले म्हणून किंवा कोणाच्या भीतीने मी हे लिहीत नाही. या आधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

करण्याची गरज पडेल असेही वाटले नव्हते. माझी पत्नी धनुबाई गेल्या भाद्रपदात वारली. ती मागे राहील आणि सगळे पाहील, असे मी धरून चाललो होतो. आमच्या अंधारखोलीत सागाची एक पेटी आहे. तीत बायकांच्या फोटोंच्या काचा, म्हणजे ज्यांवरून फोटो छापतात त्या उलट्या काचा, आहेत. त्या मी काढलेल्या नाहीत आणि पाहिलेल्याही नाहीत. घरदार ज्याचे त्याला आपोआप गेले असते. ही पेटी मात्र चुकीच्या हाती जाऊ नये, म्हणून मुख्यतः हा कागद आहे.

कलम १. नंदुरबारचे राहते घर, मागच्या फोटोच्या खोलीसह, माझी एकुलती मुलगी अनुसया, प्रकाशे येथे दिलेली, हिला द्यावे. घर माझ्या कमाईचे आहे. रनाळ्याची वाटणी वडिलांच्या हयातीत झालेली असल्याने भावाचा यात हक्क नाही. अनुसयाने घर भाड्याने दिले तरी चालेल, पण भाडेकरूला एक गोष्ट सांगावी. फोटोच्या खोलीचे उत्तरेकडचे छप्पर काचेचे आहे. होळी झाली की त्या काचेला आतून पातळ चुना लावावा लागतो. आपल्याकडचे उन्हाळ्याचे ऊन माणसाच्या कपाळावर पडते आणि डोळ्यांच्या जागी खाचा दिसतात. चांगले तोंडही रागीट येते. खरा उजेड श्रावणातला. ढग असतात, सावली कोठेच धारदार पडत नाही, आणि कष्टाने सुकलेला चेहराही भरलेला दिसतो. पण श्रावणात शेतकरी फोटो काढायला येत नाहीत. ते कापूस विकल्यावर येतात, आणि तेव्हा सरकी काढायच्या जिनातला कापसाचा तूस हवेत इतका असतो की ओल्या काचेवर बसून फोटोत पांढरे ठिपके पडतात. माझा सारा जन्म हे ठिपके बारीक कुंचल्याने बुजवण्यात गेला असे म्हटले तरी चालेल. मला त्याचे वाईट वाटत नाही.

कलम २. रनाळ्याच्या शेतातील माझा वाटा आणि बांधावरचा आंबा थोरले बंधू इंद्रसिंग यांस द्यावा. मी हा धंदा शिकायला सुरतेला गेलो तेव्हा दादा चारचौघांत म्हणाले होते, “फडकाखाले डोकं घालीसन पोट भरनार हाऊ! पाटलाना पोऱ्या शे का भूत?” ते बोलणे मी पुष्कळ वर्षे मनात ठेवले. पुढे वडील वारले. दादा नंदुरबारला आले आणि दारातूनच म्हणाले, “आबाना फोटू व्हई ना तुन्हाकडे?” होता. मी दिला. त्यांनी तो उपरण्यात गुंडाळला आणि गाडीत बसून रनाळ्यापर्यंत मांडीवर नेला, असे गाडीवानाने मला सांगितले. तेव्हापासून माझ्याकडून तो हिशेब मिटलेला आहे. मात्र सागाच्या पेटीला दादांनी हात लावू नये. कारण पुढे येईल.

कलम ३. टपाल कचेरीतील शिल्लक अनुसयाची.

कलम ४. मोठा कॅमेरा, भिंगे, तिवई, धुलाईची भांडी व छपाईच्या चौकटी याही अनुसयाच्याच. आईच्या हाताखाली ती काच धुण्याचे आणि छपाईचे काम शिकलेली आहे. जावयांनी ते विकण्याची घाई करू नये. माझा लोकरी कोट तोरणमाळच्या बाज्या यास द्यावा. थंडीत मी डोंगरावर जात असे तेव्हा कॅमेऱ्याच्या पेट्या तो वर नेई आणि वाटेत मला हात देई. डोंगराचे, तळ्याचे, धुक्याचे फोटो मला कोणी सांगितलेले नव्हते. ते मी माझ्यासाठी काढले. डोंगराला ‘हलू नको’ म्हणावे लागत नाही. बाज्या एकदा हसून म्हणाला, “तळं तं आठेच शे, पाटील. घर कसाले ली जातस?” त्या तळ्याचा छापलेला एक फोटो कोटाबरोबर त्याला द्यावा. तो हसेल, हसू द्यावे.

कलम ५. आता पेटीविषयी.

नंदुरबारच्या पेढीवाल्या घराण्यांतून बायका फोटोला येत त्या पदर हनुवटीपर्यंत ओढून. घरच्यांना भिंतीवर फोटो हवा असे, पण परक्या पुरुषाने तोंड पाहणे चालत नसे. म्हणून मी पदरासकट फोटो काढी. त्यात लुगडे, हात आणि बांगड्या दिसत. अशा एका दिवशी धनुबाई आत आली आणि मला म्हणाली, “आते तुम्ही भाहेर बठा. आठे तुम्हनं काय काम शे?” मी रिकाम्या खुर्चीवर भिंग जुळवले, काच बसवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत तिने बाईचा पदर मागे घेतला आणि कॅमेऱ्याच्या नळीचा रबरी फुगा दाबला, की फोटो निघतो. काच तिनेच धुतली, छापली आणि फोटो त्या बाईच्या हाती दिला. तो बाईने आपल्या पेटीत लुगड्याखाली ठेवला. त्यानंतर हीच रीत पडली. पदराचा फोटो मी काढायचा, तोंडाचा तिने. तिने प्रत्येकीला शब्द दिला होता की ही काच परका पुरुष पाहणार नाही. मीही परकाच. मी पेटी कधी उघडली नाही.

या आषाढात कापडाचे व्यापारी उत्तमचंद यांच्या मातोश्री उमरावबाई वारल्या. घरच्यांनी भिंतीवरचा त्यांचा पदराचा फोटो काढून चौरंगावर ठेवला. त्याला रोज हार, रोज उदबत्ती. पुढे धनुबाई वारली तेव्हा उमरावबाईंच्या जाऊ प्यारीबाई आमच्याकडे समाचाराला आल्या. रीतीप्रमाणे पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि माझ्याशी न बोलता अनुसयाशी बोलल्या, “अनुसया, तुन्हा आबाले सांग, तो चौरंगवरना फोटू मन्हा शे. मी आजून जित्ती शे, अनि हाऊ पोऱ्या मालेच रोज हार घालस. उमराव तठे वाट देखत व्हई, मन्हा हार कथा ग्या म्हनीसन.”

दोघी जावांनी एकाच दिवशी, एकसारख्या लुगड्यात फोटो काढले होते. भिंतीवर ते शेजारी शेजारी असत. कोठल्या तरी दिवाळीच्या रंगसफेदीत ते खाली निघाले आणि पुन्हा टांगताना जागा बदलल्या. दोघी हयात होत्या तोवर कोणाला फरक पडला नाही. प्यारीबाईंची करंगळी जात्यात सापडून वाकडी झालेली आहे, ती त्या फोटोत दिसते. त्यांनी ती पुतण्याला दाखवली. आमच्या घरात दुःख होते, तरी त्या दिवशी अनुसया तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो असेन.

उत्तमचंद हसले नाहीत. जिवंत काकीला हार घातला म्हणून त्यांना धसका बसला. त्यांनी दुसरा फोटो चौरंगावर ठेवला आणि चार दिवसांनी माझ्याकडे आले. म्हणाले, “आदलाबदल व्हयना तरी घरमां कोनले समजनं नही, असा फोटूले हार घालीसन काय फायदा? काकी म्हनस, मायना तोंडना फोटू तुम्हनाकडे शे. मोठा करी द्या. दुकानमां गादीवर लावसू.”

मी म्हटले, मी तो पाहिलेला नाही आणि दुकानात लावण्यासाठी देता येणार नाही.

“माय मन्ही का तुम्हनी?”

“माय तुन्ही शे. शब्द मन्ही बायकोना शे.”

ते उठले. जाताना म्हणाले, “तुम्ही काय कायम ऱ्हानार नही, पाटील. तुम्हना दादाले इचारसू.” दादांचा निरोप पुढच्याच बाजाराच्या दिवशी आला, की जुन्या काचा खरवडल्या तर खिडक्यांना चालतात, आणि कोणी पेटीसकट घेत असेल तर आपली हरकत नाही. यात दादांची लबाडी नाही. त्यांना त्या काचाच वाटतात. उत्तमचंद वाईट माणूस नाही. आईचे तोंड नातवंडांना दाखवावे असे त्यांना वाटते, ते बरोबरच आहे. पण उमरावबाई ज्या बाजारातून जन्मभर तोंड झाकून गेल्या, त्याच बाजारासमोर मी त्यांना उघड्या तोंडाने बसवू शकत नाही.

म्हणून मी प्यारीबाईंना निरोप धाडला. त्या उत्तमचंदांच्या पत्नी कंचनबाई यांना घेऊन आल्या. अनुसया होतीच. तिघींनी दार लावून पेटी उघडली आणि मी सवयीप्रमाणे ओट्यावर बसलो. आतून प्यारीबाईंचा आवाज आला, “उमराव, जन्मभर गोरी म्हनीसन मिरवनी, अनि काचमां कशी काळी दिखस!” मग तिघी हसल्या.

उमरावबाईंची काच सापडली. अनुसयाने तिचा लहान फोटो छापून कंचनबाईंच्या हाती दिला. तो आतल्या खोलीत लावायचा, दुकानात नाही, असे ठरले. प्यारीबाई म्हणाल्या, “दुकानमां लावा तं मी सोता जाईसन उतारसू.” उत्तमचंदांनी मला अजून काही कळवलेले नाही. कंचनबाईंनी मात्र अनुसयाला सांगितले की पहिल्या दिवशी ते टोपी हातात घेऊन फोटोसमोर बसून राहिले आणि दुकान उघडायला माणूस पाठवावा लागला.

कलम ६. तरी माझ्यामागे पेटीची मालकी फक्त अनुसयाकडे राहील. काचा कोणत्याही पुरुषाला, जावई व बंधू धरून, दाखवू वा विकू नयेत. जी बाई हयात आहे तिला विचारून तिची काच तिला द्यावी. वारली असेल तर मुलीला, मुलगी नसेल तर सुनेला. ओळख पटवण्यास प्यारीबाई मदत करतील. ज्या काचेला कोणीच उरले नाही ती अनुसयाने स्वतःच्या हाताने खरवडावी. खिडकीला लावली तरी मग हरकत नाही.

कलम ७. तिघींनी पेटी उघडली त्याच दिवशी अनुसया दाराशी आली आणि म्हणाली, “आबा, आईनी बी काच शे. उमरावकाकूनी काढेल शे. देखतस का?” मला याची काही माहिती नव्हती. वरच्या कलमाप्रमाणे ही काच मुलीची होते, म्हणून मी तिला विचारले की मी पाहिली तर चालेल का. ती म्हणाली, “तुम्ही काय परका शेतस?”

तिने काच खिडकीशी धरली. उलट्या काचेत काळे ते पांढरे दिसते, हे मला कोणी सांगायला नको. जन्मभर मी काच पाहिली की मनात ती सुलटी होते. या वेळी झाली नाही. फोटो तरुणपणीचा आहे, पण केस पांढरे दिसले, जसे ती गेली तेव्हा होते. “हाली जायेल शे पन,” अनुसया म्हणाली. “हासी ऱ्हायनी व्हती.” उमरावबाईंना फुगा दाबता आला, पण समोरच्याला गप्प बसवता आले नाही. तोंड पुसल्यासारखे आले आहे. माझ्यासमोर धनुबाई अशी कधी हसली नाही, किंवा हसली असेल तेव्हा माझे डोके फडक्याखाली असेल.

अशी हललेली काच मी आजवर एकही ठेवली नाही. ही ठेवावी. छापायची की नाही ते अनुसयाने ठरवावे, पण छापली तर तिच्यावर कुंचला फिरवू नये.

वरील सर्व मी पुन्हा वाचून पाहिले, खाडाखोड नाही. वकिलांनी साक्षीला दोन्ही पुरुष घ्यावेत असे सुचवले. बाईची साक्ष कायद्याला चालत नाही का, असे मी विचारले. चालते, म्हणाले. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर आपली निशाणी व सही केली.

मुक्काम नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश
मार्गशीर्ष शके १८६३, तारीख २४ नोव्हेंबर १९४१

(सही) चुडामण हिलाल पाटील

साक्षीदार
१. (सही) छगनलाल, औषधांचे दुकान, शेजारी
२. प्यारीबाई, उत्तमचंद यांच्या काकी, डाव्या हाताचा अंगठा. पदर घेऊन बसल्या होत्या. आवाजावरून व करंगळीवरून ओळख पटली.