भिंगरीच्या बिछान्याखालची बॅटरी

प्रिय खटपट्या,

‘प्रिय’ लिहिलं ते सवयीने. आत्ता माझ्या तोंडात जे शब्द आहेत ते पत्राच्या सुरुवातीला कुणी लिहीत नाही. परवा फोन केला तर तू “ताई, रेंज जातेय” म्हणून ठेवून दिलास आणि लगेच तुझा नवा फोटो झळकला. मागे बर्फाचा डोंगर, हातात कॉफीचा मग. तुझी रेंज बरोब्बर माझ्याच आवाजाला जाते. चार्जिंग बंद कर आणि तुम्ही घर केलेल्या त्या व्हॅनमध्ये झोपू नकोस, असा मेसेज केला, तर उत्तरादाखल एक हसणारा चेहरा आला. म्हणून कागद घेतला. तू हिवाळाभर ज्या गाड्यांच्या तळाची राखण करतोस, तिथल्या ऑफिसच्या पत्त्यावर हे कुरिअर करते आहे. शनिवारी तू इथे यायला निघशील, त्याच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं.

तुझी बायको आणि लेक भिंगरी दोघी मजेत आहेत, तेवढं आधी सांगून टाकते. भिंगरीने माझ्या वर्कशॉपचा ताबा घेतलाय. वायरींचे तुकडे वळून माणसं बनवते आणि त्यांना नावं देते. सगळ्यात वाकड्या माणसाला ‘बाबा’ म्हणते, त्यात तिचा काही वाईट हेतू नाही. तुझी बायको शांत आहे. जरा जास्तच शांत आहे. सुट्टीपुरतं आलेलं माणूस बॅगेतूनच कपडे काढून घालतं ना, तिने आल्या दिवशीच बॅग रिकामी करून सगळं माझ्या कपाटात घड्या घालून लावलं. ते मी बघितलं.

आता मूळ मुद्दा. मंगळवारी एक ड्रायव्हरकाका वर्कशॉपवर आले. आयुष्यभर बस चालवली, निवृत्त झाल्यावर जुनी मिनीबस घेऊन तिच्यातच नवरा-बायकोंनी संसार थाटला. वर सोलर पॅनल, खाली लिथियम बॅटरी. तक्रार अशी की दिवसभर ऊन असूनही संध्याकाळीच दिवे बंद पडतात. मी पेटीचं झाकण उघडलं. आतले दोन सेल पोट फुगवून बसलेले, पेटीच्या भिंतीही बाहेर आलेल्या. आणि तापमानाचा सेन्सर, जो सेलांच्या मध्ये चिकटून असायला हवा, तो जागेवरच नाही. त्याची वायर लांबवून टोक हीटरच्या गरम हवेच्या नळीला चिकटपट्टीने बांधलेलं. हे कुठल्या शहाण्याचं काम, असं मी विचारलं तर काका ओशाळले. म्हणाले, “मीच केलं हो. व्हिडिओत बघून केलं. तो माणूस फार छान समजावून सांगतो.” आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

फार छान समजावून सांगतो! चेहरा दिसायच्या आधी तुझा आवाज आला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. थंडीत चार्जिंग अडवणारं ते सर्किट म्हणे घाबरट आहे. सेन्सर उबेला नेऊन ठेवला की बॅटरीला वाटतं उन्हाळा आला, मग ती गुमान चार्ज होते. सांगताना तू स्वतःच हसलास. खाली लोकांची आरती चाललेली, वा गुरुजी, काय डोकं, आम्हीही करून बघतो. काकांनी करून बघितलंच. मी मान खाली घालून व्हिडिओ बघत होते आणि हा माझा भाऊ आहे हे त्या म्हाताऱ्या माणसाला सांगायची मला हिंमत झाली नाही. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात भिंगरीचं पिवळं पांघरूण लोंबताना दिसलं. तू उघडून दाखवत होतास ती पेटी तिच्या बिछान्याखालची होती.

तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. मीच सांगितलं होतं, तेही एकदा नाही. शून्याच्या खाली गारठलेल्या सेलमधून वीज काढता येते, त्यात भरता येत नाही. जबरदस्तीने भरली तर लिथियम जिथे मुरायचं तिथे मुरत नाही, वरच धातू होऊन साचतं. त्याचे काटे वाढत जातात आणि कधीतरी आतला पडदा भोसकतात. बाहेरून कळत काहीच नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो, व्हिडिओ निघतात. म्हणून तर ते सर्किट मध्ये बसवतात. त्याला थंडी कळायला तो एकच सेन्सर असतो आणि तू तोच उचलून हीटरपाशी नेलास. तू काय उत्तर देणार तेही मला पाठ आहे. “ताई, ही फॉस्फेटवाली बॅटरी आहे, ही पेट घेत नाही.” सहजासहजी घेत नाही, बाबा! तो ‘सहजासहजी’ तू दरवेळी गिळतोस. फुगलेला सेल फुटला तर आतून निघणारा वायू पेटतो. खिडक्या लावलेली व्हॅन, चालू हीटर, लाकडी पेटी आणि तिच्यावर झोपलेली तुझी मुलगी. हे चित्र मनात आलं की तुझी अशी चीड येते की समोर असतास तर कान धरून तुला त्या पेटीवर झोपवलं असतं.

लहानपणी तू शेजाऱ्यांच्या दारावरच्या बेलची वायर ओढून आपल्या घरात आणली होतीस, आठवतं? त्यांच्याकडे कुणी आलं की आपल्याकडे घंटा वाजायची. अप्पा हसून हसून बेजार झाले होते. स्वतः वायरमन, पण तुझ्या कौतुकात सगळं विसरायचे. पोराच्या हातात जादू आहे म्हणायचे. तू इस्त्री उघडलीस, रेडिओ उघडलास, आईचा मिक्सर उघडलास आणि तो चालू केल्यावर तिच्या बोटाला झटका बसला, तेव्हाही आधी तुझी पाठ थोपटली गेली. उघडायचं तू, निस्तरायचं मी. माझ्या हातात पक्कड दिसली की मात्र अप्पा एकच शब्द बोलायचे, जपून. मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो, लपवत नाही. पण त्या ‘जपून’वरच मी पुढे धंदा उभा केला. लोक मला घरात घेतात ते मी वायर जोडून गेल्यावर त्यांना गाढ झोप लागते म्हणून.

आणि तू व्हॅनसाठी बॅटरी निवडायला माझ्याच वर्कशॉपवर आला होतास ना? मी तुला तयार पेटी दाखवली. तिच्या आत गरम होणारी पट्टी असते, पॅनलकडून आलेली वीज आधी सेलांना कोमट करते आणि मगच आत जाते. थंड प्रदेशात राहणार आहेस तर हीच घे, असं मी जीव तोडून सांगितलं. तू म्हणालास, बॅटरीला कसलं पांघरूण, आणि सुटे सेल मागवलेस, कारण तयार पेटीत स्वतःच्या हाताने करण्यासारखं काही उरत नाही. बरं, सुटे तर सुटे. मी बसून तुला आकृती काढून दिली. दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी जोडताना धन वायर एका बॅटरीवरून घ्यायची आणि ऋण वायर दुसरीवरून, म्हणजे दोघींवर सारखं ओझं पडतं. बॅटरीपाशीच फ्यूज. जाड वायर. त्या व्हिडिओत मी नीट बघितलं. दोन्ही वायरी एकाच बॅटरीवरून निघाल्यात, म्हणजे एक राबते आणि दुसरी आराम करते. फ्यूज कुठे दिसला नाही. आकृती मात्र दिसली. छान फ्रेम करून भिंतीवर लावली आहेस!

काकांची पेटी उघडली तेव्हा आतून गोडसर वास आला होता, नेलपॉलिशसारखा. मंगळवारी संध्याकाळी जेवताना मी तेच सांगत होते. तुझ्या बायकोचा घास हातात राहिला. ती म्हणाली, “असा वास भिंगरीच्या बिछान्याला येतो. मी विचारलं होतं त्याला. तो म्हणाला, प्लायवूडचं पॉलिश आहे, जाईल हळूहळू.” खटपट्या, त्या व्हॅनमध्ये तुमचा हा दुसरा हिवाळा आहे. दुसऱ्या हिवाळ्यात कुठल्या प्लायवूडला पॉलिशचा वास येतो? तू बायकोला थाप मारलीस, की तुला मनापासून तसं वाटलं, यातलं जास्त वाईट कोणतं ते मला ठरवता येत नाही. मी ताटावरून उठून तुला मेसेज केला. त्यालाच तू तो हसरा चेहरा पाठवलास. ती माझ्या शेजारीच उभी होती. तिनेही तो बघितला.

आता पुढचं शांतपणे वाच आणि कृपा करून काही युक्ती लढवू नकोस. पॅनलचा स्विच पाड. इंजिनकडून बॅटरीला चार्ज करणारी वायर सोडव. हीटर बंद, शेगडी बंद, व्हॅनची दारं उघडी आणि व्हॅन दुसऱ्या गाड्यांपासून लांब. झोपायला तळाच्या ऑफिसात जा, तिथे लाज वाटत असेल तर माझ्या नावाने खडे फोडत झोप, पण व्हॅनमध्ये झोपू नकोस. पेटीचं झाकण उघडायचं नाही. फुगलेल्या सेलला हात लावायचा नाही. मी हत्यारं घेऊन तिथे येईन आणि आपण दोघं ती उघड्यावर काढू. शनिवारी व्हॅन आणू नकोस, बसने ये. आणि तो व्हिडिओ आजच्या आज काढ. त्याच्या जागी नवा टाक आणि त्याच गोड आवाजात सांग की मी चुकलो, तुम्ही असं करू नका. काकांच्या बायकोही त्या पेटीवरच झोपायच्या. त्यांना काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवणार होते?

आणि आता हे पत्र कशासाठी ते. रागावण्यापुरतं असतं तर मी शनिवारची वाट बघितली असती, समोर उभं करून सोलून काढलं असतं तुला. तू दोघींना परत न्यायला येणार आहेस, आणि त्या दोघी तुझ्याबरोबर परत जाणार नाहीत. हे मी पढवलेलं नाही, अप्पांची शपथ. काल भिंगरी अंगणात खेळत असताना तुझी बायको वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसली. म्हणाली, “ताई, मी सांगायला गेले की तो मला पटवतो. दरवेळी पटवतो, आणि इतकं गोड पटवतो की शेवटी मलाच वाटतं, मी उगीच घाबरते. तुम्ही लिहा. तुम्हाला पटवणं त्याला जमत नाही.” इथल्या शाळेत जाऊन ती भिंगरीच्या नावाची चौकशी करून आली आहे. उद्या नवी बॅटरी आली, ती मी माझ्या हाताने जोडली, सेन्सर सेलांच्या मध्ये बसला, तरी त्या व्हॅनमध्ये पाय ठेवायचा की नाही ते ती ठरवेल, आणि तिचं जे ठरेल त्याला मी तिच्या बाजूने उभी राहीन. तू ये. घर तुझंही आहे, भिंगरी वाट बघतेय. फक्त पटवायला येऊ नकोस. आत्ता तुझी बायको माझ्या खांद्यावरून हे वाचते आहे. या पत्रात एका जागी मी लिहिलं होतं की ती घाबरली आहे. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, ती ओळ गिरवून गिरवून खोडली आणि मला म्हणाली, घाबरले होते तेव्हा मी त्या व्हॅनमध्ये राहत होते. आता त्याला लिहा, इथेच राहायचं मी ठरवलंय.

संतापलेली, आणि तरीही तुझीच,
ताई