दोघींचं ऐकणारा दिवा

पेण,
बुधवार, दुपार

प्रिय वहिनी,

काल, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आपल्या रोह्याच्या नव्या घरात, तुझ्या खोलीतलं पॅसेजच्या दिव्याचं बटण रद्द करण्यात आलं. मला न विचारता. तुला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता!

बघ, वाक्यसुद्धा कसं उतरलं. जन्मभर कंपनीच्या पर्सोनेल खात्यात बसून कामगारांना मेमो लिहिले, त्याची ही सवय. वार, वेळ, जागा, कृत्य. राग आला की माझी मराठी अजून त्याच चालीवर जाते. पण हा मेमो काढू कुणाच्या नावे? इलेक्ट्रिशियनच्या? तुझ्या लेकाच्या, निखिलच्या? खरं सांगू, पहिलं नाव तुझंच येतंय.

काय झालं ते सांगते. घरात फॉल्स सीलिंगचा सांगाडा लागलाय. जिकडे तिकडे पत्र्याच्या पट्ट्या आणि त्यांतून लोंबणाऱ्या वायरी. शनिवारी सकाळी त्यावर जिप्समचे बोर्ड चढणार, मग गोल भोकं पाडून दिवे आत बसवणार, आणि वरचं सगळं एकदाचं झाकलं जाणार. म्हणजे कुठल्या दिव्याचं बटण कुठे, हे त्याच्या आत ठरायला हवं. मी सकाळच्या गाडीनं रोह्याला उतरून घरी पोचले, तर दिनेश शिडीवर. तोच आपला इलेक्ट्रिशियन, ज्याला तू ‘बाळा, जेवलास का’ विचारून माझ्यासमोर डोक्यावर चढवून ठेवलायस.

“मॅडम, पॅसेजचं टू-वे काढलं हां. तुमच्या खोलीत एकच बटण ठेवलंय.”

“काढलं? कुणी सांगितलं?”

“नाय, म्हणजे आता तुम्ही एकट्याच ना. त्या खोलीत दाबणार कोण?”

“दिनेश, खाली उतर.”

“उतरतो. पन ओरडू नका हां. निखिलदादांचाच फोन आलता.”

तो खाली उतरला, समोर उभा राहिला, आणि मी त्याला झापायचं सोडून पिशवीतली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. मी, वहिनी! ‘त्या खोलीत दाबणार कोण.’ त्यात चूक काय होती, सांग. वाक्य अगदी बरोबर होतं. म्हणून तर सहन झालं नाही.

तुला आपला पेणच्या घरचा जिना आठवतो? तू कासूकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलीस तेव्हा त्या जिन्याच्या दिव्याला एक बटण खाली होतं, एक वर. तुला वाटलं, बिघडलाय. तेच बटण खाली केलं की कधी लागतो, कधी विझतो, हा काय प्रकार! मी कॉन्व्हेंटात शिकून आलेली नणंद. तुला पायरीवर उभं करून सांगितलं, याला टू-वे म्हणतात, खालचीनं लावलेला वरची विझवू शकते. तू ते ऐकून घेतलंस आणि मग नुसती मला वर-खाली पळवत राहिलीस. मी वरून लावायचा, तू खालून विझवायचा. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणालीस, “वन्सं, या घरात दोघींचं ऐकणारा ह्यो एकटाच दिसतोय!”

दादा खाली चपला घालत होता. सगळं ऐकून मुकाट्यानं बाहेर पडला. माझा भाऊ असून मी तेव्हा तुझ्या बाजूनं हसले.

वयानं तू माझ्याहून लहान, नात्यानं मोठी. म्हणून मी तुला ‘वहिनी’ आणि ‘तू’, तू मला ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’. दादा गेला, निखिल नोकरीला पुण्याला गेला, मी रिटायर झाले, तरी ते बदललं नाही. लोकांना वाटायचं नणंद-भावजय एका घरात म्हणजे रोज भांडत असतील. भांडायचोच की! नाहीतर दिवस गेला कसा असता?

घराच्या दिव्यांवरून काय कमी भांडलो? नकाशा तुला कळेना, म्हणून तू स्वयंपाकघरातल्या वाट्या आणल्यास आणि पेणच्या हॉलची फरशी म्हणजे नव्या घराचं छत, असं ठरवून त्या मांडायला लागलीस. एक वाटी म्हणजे एक दिवा. “वन्सं, ओट्याचा दिवा माझ्या पाठी नको. माझीच सावली माझ्या विळीवर पडते.” वाटी पुढे सरकली. मी म्हटलं, सगळे पांढरे दिवे घेऊ, वाचायला बरे. तू म्हणालीस, पांढऱ्या उजेडात माणूस दवाखान्यात पडल्यागत दिसतं. मी म्हटलं, आणि पिवळ्यात कावीळ झाल्यागत! शेवटी माझ्या खोलीत पांढरे, तुझ्या खोलीत पिवळे, असा तह झाला.

मग तू शेवटची वाटी घेतलीस. आपल्या दोन खोल्यांच्या मधला पॅसेज. “याला एक बटण तुमच्या उशाशी, एक माझ्या. आपल्या जिन्यासारखं.”

मी साफ नाही म्हटलं. होस्टेलात नऊ वाजले की सिस्टर बाहेरून बटण बंद करायच्या. पानावरची ओळ अर्धी राहायची. तेव्हापासून माझा दिवा दुसऱ्या कुणी विझवलेला मला खपत नाही, हे तुला माहीत होतं.

“विझवायला नाय वो वन्सं. तुम्ही उठलात की मला कळंल, मी उठले की तुम्हाला. या वयात कोण कोणाला हाका मारीत बसणार?”

“म्हणजे माझ्यावर पाळत!”

“व्हय. पाळतच.”

आणि पायाच्या अंगठ्यानं वाटी सरकवून बरोब्बर मधोमध नेऊन ठेवलीस. विषय संपला.

आता माझी तक्रार ऐक. एवढी रात्रीची सोय करून ठेवलीस आणि गेलीस भर दुपारी! मी तेव्हा रोह्यात होते, दिव्यांच्या दुकानात. तुझ्या खोलीसाठी पिवळा दिवा हातात धरून त्या माणसाला विचारत होते, याहून मऊ उजेडाचा आहे का. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. घरात लख्ख ऊन, खिडक्या उघड्या, तू खुर्चीत. कुठल्या बटणावरून कळणार होतं मला? सांग ना! पेणला पोचेपर्यंत मी तो दिवा तसाच हातात धरून होते. दुकानदारानं मागितलासुद्धा नाही.

तर, निखिलला फोन लावला. तुझा लेक म्हणून जरा सौम्यपणे बोलायचं ठरवलं होतं. नाही जमलं.

“आत्या, मी तुझ्याशी बोलणारच होतो.”

“बोलणार होतास? म्हणजे निकाल आधी आणि सुनावणी नंतर?”

“आत्या, प्लीज. प्रॅक्टिकली बघ.”

“प्रॅक्टिकली बघितलं असतं तर तुझ्या आईनं आणि मी तुला त्या वयात मोटारसायकल घेऊ दिली नसती. माझ्या घरातलं बटण तू पुण्यात बसून काढतोस? आधी मला कारण सांग.”

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, “मी आलो की आईच्याच खोलीत झोपणार ना. रात्री पाणी प्यायला उठलो, हात भिंतीकडे गेला, की तिथे तेच. आईसाठी लावलेलं. मला नको ते हाताखाली, आत्या. मला नाही जमणार.”

मग रडला. एवढा मोठा बाप्या, मीटिंगमधून बाहेर येऊन, कुठल्या तरी जिन्यात उभा राहून.

मी आयुष्यभर कामगारांचे खुलासे वाचलेत. कुणाची आजी वर्षातून तीनदा वारायची, कुणाची सायकल नेमकी सोमवारीच पंक्चर. सबब मला वासावरून कळते. ही सबब नव्हती. मी म्हटलं, “बरं, ठेव फोन. जेवून घे.” दुसरं काय म्हणणार?

त्याला ते बटण नको, कारण ते तुझं आहे. मला ते हवं, त्याचंही कारण तेच. आता यात न्याय कसा करायचा? तू असतीस तर वाटी सरकवली असतीस. मी कालपासून नुसती चरफडतेय. इथे पेणात ज्याला त्याला एकच पडलंय, “शैलाताई, एकटीला एवढं घर कशाला गो?” मी एकीला म्हटलं, भांडायला जागा लागते. ती हसली. मी घरी येऊन दार लावून घेतलं.

आज सकाळी मात्र सुचलं. तुझ्या खोलीत मी जाते. माझी खोली निखिलला. तो येईल तेव्हा त्याच्या उशाशी बटण असेल ते आत्याचं, त्याला माझं काय वाटायचंय! आणि तुझं बटण माझ्या हाताखाली येईल. ते माझ्या हाताला लागलं की मला काय होईल ते मी बघून घेईन. वर्षातून चार रात्री का होईना, तो पॅसेजचा दिवा दोघांचं ऐकेल. उरलेल्या रात्री मी एका खोलीतून लावीन आणि दुसऱ्या खोलीत जाऊन विझवीन, कुणाच्या बापाचं काय जातं?

दिनेशला फोन केला. “परत ओढू वायर? नक्की ना मॅडम? बोर्ड चढला की मग मला नाय जमणार हां.” म्हटलं, नक्की. पण मनातून नक्की नाही, वहिनी. ती खोली तुझी आहे. तू एक रात्रही तिथे झोपली नाहीस, तरी तुझीच. तुला विचारल्याशिवाय तिथे माझी गादी टाकणं मला चोरीसारखं वाटतं.

म्हणून हे पत्र. माझ्याकडून वचन देते: तुझे दिवे पिवळेच राहतील. वाचायला त्रास झाला तर चष्मा बदलीन, दिवा बदलणार नाही. आणि निखिल रात्री उठला, पॅसेजमध्ये उजेड पडला, तर मी जागी असेन. पाळत म्हण हवं तर.

या फेरबदलाला तुझी हरकत असल्यास ती शनिवारी सकाळी नऊच्या आत, छत बंद होण्यापूर्वी, लेखी कळवावी. स्वप्नात येणं, कावळा पाठवणं वगैरे प्रकार ग्राह्य धरले जाणार नाहीत. मला कागद हवा, आणि त्यावर तुझं अक्षर हवं. लांबलचक लिहू नकोस.

नुसतं ‘नाय’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी वन्सं,
शैला